पहिल्या दिवशीचे प्रोकॅल्सिटोनिन आणि दहाव्या दिवशीचे मेरोपेनेम
सांगली, मिरज आणि परिसरातील रुग्णालयांच्या संचालकांस व तेथील डॉक्टरांस खुले पत्र

सन्माननीय सहकाऱ्यांनो,

मिरजेत निदान प्रयोगशाळा चालवणारा एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या नात्याने हे पत्र लिहीत आहे. तापाने फणफणलेला, धाप लागलेला किंवा ग्लानीत गेलेला रुग्ण दाखल झाला, की लॅबच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनच्या पाठोपाठ आता प्रोकॅल्सिटोनिन या, जिवाणूंच्या गंभीर संसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचेही नाव सवयीने लिहिले जाते. याला माझी काहीच हरकत नाही असे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने मला सोयीचे ठरले असते, कारण दीड ते तीन हजार रुपयांची ही तपासणी जितकी अधिक होईल तितकी माझ्यासारख्यांची मिळकत वाढते. तरीही माझे म्हणणे असे आहे, की या तपासणीचा उपयोग जेथे सर्वांत कमी आहे तेथे, म्हणजे रुग्ण दाखल होताना, आपण ती सर्रास करतो. आणि जेथे तो सर्वांत अधिक आहे तेथे, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी प्रतिजैविक थांबवायचे की नाही हे ठरवताना, ती क्वचितच पुन्हा करतो.

पत्र खुले लिहिण्याचे कारण एवढेच, की या तपासणीचे पैसे नातेवाईक भरतात आणि तिचा आकडाही त्यांनाच ऐकवला जातो. 2020 आणि 2021 या कोरोनाच्या दोन वर्षांनी ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न विट्यापासून जतपर्यंत घराघरांत पोहोचवला. आता त्याच्या जोडीला प्रोकॅल्सिटोनिन आले आहे, आणि ‘रक्तात इन्फेक्शन आहे, आकडा वीसवर गेलाय’ असे आयसीयूच्या दाराशी सांगितले, की पुढचा कोणताही खर्च मान्य करण्यावाचून ऐकणाऱ्याला गत्यंतर उरत नाही. त्या आकड्याचा अर्थ काय आणि त्याची मर्यादा कोठे, हे त्यांनाही कळायला हवे.

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. इंटरल्युकिन-6 या संदेशवाहक रेणूच्या प्रभावाखाली यकृत ते तयार करते. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढू लागते, त्याचा कळस मात्र साधारण दीड-दोन दिवसांनी गाठला जातो. दाह कशामुळे झाला याच्याशी यकृताला देणेघेणे नसते. न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, संधिवात, स्वादुपिंडाचा दाह, मोठी जखम, यांपैकी कशानेही सीआरपी वाढते. टोसिलिझुमॅबसारख्या औषधाने इंटरल्युकिन-6 चा मार्ग अडवला तर संसर्ग असतानाही ते वाढत नाही, ही गोष्ट कोरोनाच्या काळात अनेकांच्या लक्षात राहिली नव्हती. प्रोकॅल्सिटोनिनची कथा थोडी वेगळी आहे. 116 अमिनो आम्लांचे हे प्रथिन थायरॉइडमधील सी-पेशींत कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप म्हणून तयार होते आणि निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतेच. जिवाणूंचे विष रक्तात पसरले, की यकृत, फुप्फुस, चरबी अशा अनेक ठिकाणच्या पेशी ते सोडू लागतात. विषाणूंच्या संसर्गात तयार होणारे इंटरफेरॉन-गॅमा मात्र त्याची निर्मिती दाबते. जिवाणू आणि विषाणू यांत भेद करण्याची आशा येथूनच निर्माण झाली. 1993 साली फ्रान्समधील संशोधकांनी गंभीर जिवाणू संसर्ग झालेल्या मुलांत हे प्रमाण बरेच वाढल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या रेणूवर प्रचंड काम झाले आहे.

व्यवहारात उपयोगी पडणारा त्याचा गुण म्हणजे वेग. संसर्ग पसरल्यावर ते चार-सहा तासांतच वाढू लागते, पहिल्या दिवसाच्या आत कळस गाठते, आणि संसर्ग आटोक्यात आला तर साधारण दर चोवीस तासांनी निम्मे होते. यातल्या निम्मे होण्याकडे आपण सर्वांनी अधिक लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. त्याकडे येण्याआधी पहिल्या दिवसाच्या आकड्याबद्दल चार शब्द लिहितो.

पहिल्या दिवशी आपल्यापुढचा प्रश्न असा असतो: या रुग्णाला जिवाणूंचा गंभीर संसर्ग आहे का, आणि प्रतिजैविक आत्ता द्यायचे का? 2016 च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून अवयवांना झालेली जिवावर बेतणारी इजा. ती इजा दिसते रक्तदाबात, श्वासाच्या वेगात, लघवीच्या प्रमाणात, शुद्धीत, प्लेटलेटमध्ये, बिलिरुबिनमध्ये, क्रिएटिनिनमध्ये आणि पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटमध्ये. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की शॉक (रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरणे) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर प्रतिजैविक एका तासाच्या आत द्यावे. शॉक नसेल आणि शंकाच असेल तर झटपट तपासून, शंका कायम राहिल्यास तीन तासांच्या आत द्यावे. प्रतिजैविक सुरू करण्याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे घेऊ नये, रुग्णाच्या तपासणीवरूनच घ्यावा, असेही त्याच सूचनांत सुचवले आहे. म्हणजे आकडा कमी आला म्हणून शॉकमधील रुग्णाचे औषध अडवता येत नाही, आणि आकडा यायच्या आत औषध तर द्यावेच लागते. मग दाखल होताना केलेल्या त्या एकट्या आकड्याने नेमके काय ठरले?

कमी आकडा धीर देतो, पण तो धीर अनेकदा फसवा असतो. संसर्ग सुरू होऊन दोनच तास झाले असतील, पू एखाद्या गळवात कोंडलेला असेल, हृदयाच्या झडपेवर जिवाणू ठाण मांडून बसले असतील किंवा क्षयरोग असेल, तर प्रोकॅल्सिटोनिन कमी असू शकते. उलट मोठी शस्त्रक्रिया, अपघात, भाजणे, हृदय निकामी होऊन आलेला शॉक, उष्माघात, गंभीर मलेरिया, थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग यांत जिवाणूंचा संसर्ग नसतानाही ते वाढते. डायलिसिसवरील रुग्णांत त्याची पातळी मुळातच वरची असते. नवजात बाळात तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निसर्गतःच वाढते. तासांनुसार बदलणारे तक्ते न पाहता तेथे मोठ्यांचा आकडा लावणे हे माझ्या मते गैरच आहे.

आपल्या भागाची अडचण याहून वेगळी आहे आणि ती परदेशी अभ्यासांत पुरेशी उतरत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत डेंगी, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, मलेरिया आणि टायफॉईड हे सारे ‘ताप, अंगदुखी, पेशी कमी’ अशा एकाच वेशात येतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या गावांत लेप्टोची किती धास्ती होती हे आपण विसरलेलो नाही. या आजारांत प्रोकॅल्सिटोनिन निवाडा देत नाही, उलट दिशाभूल करू शकते. साध्या डेंगीत ते सहसा कमी असते, पण डेंगी शॉकमध्ये गेली की वाढू शकते. लेप्टो आणि स्क्रब टायफस हे जिवाणूंचेच आजार, त्यामुळे दोहोंत ते वाढलेले दिसते. आणि वाढलेला आकडा पाहून सेफ्ट्रिॲक्सोन या नेहमीच्या प्रतिजैविकावरून थेट मेरोपेनेम या भारी प्रतिजैविकावर उडी मारली जाते. स्क्रब टायफसचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि त्याच्यावर मेरोपेनेमचा काहीच परिणाम होत नाही. त्याला लागते डॉक्सिसायक्लिन, जे काही रुपयांत मिळते. या आजाराची खूण म्हणजे काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली असलेली छोटी काळी खपली, आणि ती शोधायला रुग्णाचे कपडे बाजूला करून दोन मिनिटे पाहावे लागते. अडीच हजारांची तपासणी त्या दोन मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

पहिल्या दिवशी ज्या तपासणीसाठी खरोखर आग्रह धरावा ती म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखणे. या बाबतीत मला आपल्याविषयी तक्रार आहे आणि ती मी स्पष्टपणे मांडतो. प्रोकॅल्सिटोनिनची चिठ्ठी येते, पण तिच्यासोबत कल्चरची बाटली येत नाही. आली तर प्रतिजैविकाचे दोन डोस झाल्यावर येते. आणि वेळेवर आली तरी तिच्यात दोन-तीन मिलिलिटरच रक्त असते. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवे आणि दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलेले दोन संच हवेत. त्याहून कमी रक्तात जंतू सापडण्याची शक्यता घटते, आणि एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस उगवला तर तो खरा की सुई टोचताना आत गेलेला, हे सांगता येत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही अजून सांगावे लागते. रात्री दोन वाजता घेतलेली बाटली सकाळी लॅब उघडेपर्यंत खोलीच्या तापमानाला राहिलेली चालते. थंडीत गारठलेले जंतू मात्र नंतर वाढायला तयार नसतात.

कल्चर अनेक रुग्णांत निगेटिव्ह येते, निकालाला एक-दोन दिवस लागतात, आणि गावातल्या दवाखान्यात आधीच इंजेक्शन झालेले असते, हे आपले नेहमीचे उत्तर मला माहीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा कितीही मोठा असला तरी जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे तो सांगत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे जंतू आज कोणत्या औषधांना दाद देतात हे कल्चरशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि ते न कळल्यामुळेच प्रत्येक रुग्णाला सर्वांत भारी औषधापासून सुरुवात करावीशी वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रतिजैविक थांबवण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनचा वापर हा या क्षेत्रातला बऱ्यापैकी भक्कम पुरावा असलेला विषय आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात अतिदक्षता विभागातील सुमारे दीड हजार रुग्णांपैकी एका गटात नियम असा होता, की प्रोकॅल्सिटोनिन कळसापासून 80 टक्के किंवा त्याहून अधिक उतरले अथवा मिलिलिटरमागे 0.5 नॅनोग्रॅमपर्यंत आले, तर डॉक्टरांना प्रतिजैविक थांबवण्याचा सल्ला द्यायचा. सल्ला मानण्याची सक्ती नव्हती. त्या गटात उपचाराचा मध्यक कालावधी 5 दिवस राहिला, दुसऱ्या गटात 7. आणि मृत्यू वाढले तर नाहीतच, उलट कमी दिसले. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘अडॅप्ट-सेप्सिस’ या 2760 रुग्णांच्या अभ्यासात रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे प्रतिजैविकांचा कालावधी सरासरी 10.7 दिवसांवरून 9.8 दिवसांवर आला आणि सुरक्षिततेत उणीव आढळली नाही. सीआरपीच्या आधारे मात्र कालावधीत फरक पडला नाही. एका दिवसाहूनही कमी फरक, तोही रोज तपासणी करून, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. पण ज्या देशात मुळातच कालावधीवर अंकुश आहे तेथे वाचलेला हा वेळ आहे. जेथे मेरोपेनेम कोणीही प्रश्न न विचारता दहा-चौदा दिवस चालू राहते, तेथे थांबण्याचे एखादे ठोस कारण हाती असणे अधिक मोलाचे ठरेल असे मला वाटते.

याच्या विरुद्ध जाणारा अभ्यासही नजरेआड करता येणार नाही. अमेरिकेतील 14 रुग्णालयांतील 1656 रुग्णांवरचा ‘प्रोॲक्ट’ हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या संसर्गाचा संशय असलेल्या रुग्णांत डॉक्टरांना प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा आणि त्याचा अर्थ पुरवूनही प्रतिजैविकांचे दिवस जवळजवळ तेवढेच राहिले, 4.2 आणि 4.3. मी त्यातून असा अर्थ घेतो, की डॉक्टर आधीच विचारपूर्वक औषध देत असतील तर आकडा फारशी भर घालत नाही, आणि विचार करायचाच नसेल तरीही तो कोणाला थांबवू शकत नाही.

थांबवण्यासाठी वापरायचे असेल तर किमान दोन आकडे लागतात, आणि तेही एकाच यंत्रावरचे. येथे आम्हा प्रयोगशाळांची जबाबदारी येते. बाजारात मिळणारी प्रोकॅल्सिटोनिनची कार्डे रेघेच्या रंगावरून ‘0.5 हून कमी’, ‘0.5 ते 2’, ‘2 ते 10’, ‘10 हून अधिक’ एवढेच सांगतात. पहिल्या दिवशी 60 असलेले प्रमाण तिसऱ्या दिवशी 11 वर आले, म्हणजे 80 टक्क्यांहून अधिक उतरले, तरी कार्डावर दोन्ही दिवशी ‘10 हून अधिक’ असेच दिसेल आणि सुधारणारा रुग्ण ‘जैसे थे’ ठरेल. पहिला नमुना मिरजेत आणि दुसरा सांगलीत दिला, यंत्रे निराळी असली, तरीही तुलना डळमळते. सीआरपीच्या बाबतीतला घोळ त्याहून साधा आणि त्याहून घातक आहे. कोणी निकाल मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतो, कोणी प्रति डेसिलिटरमध्ये, आणि फोनवर नुसता आकडा सांगितला जातो. ‘बारा’ म्हणजे किरकोळ वाढ की एकशे वीस, हे एककाशिवाय कळत नाही. स्लाइडवर गुठळी पाहून ‘सीआरपी पॉझिटिव्ह’ एवढेच लिहून देणारी जुनी पद्धत तर आता बंदच व्हावी.

जत, आटपाडी, कवठे महांकाळ, शिराळा येथील लहान रुग्णालये चालवणाऱ्यांना हे पत्र आयसीयूवाल्यांसाठी आहे असे वाटेल, पण त्यांच्यासाठी मोजमापाचे सीआरपी हीच खरी कामाची तपासणी आहे. स्वस्त, काही मिनिटांत मिळणारे, आणि ज्या रुग्णाची प्रकृती गंभीर दिसत नाही त्याला प्रतिजैविक न देण्याचे धैर्य देणारे. व्हिएतनाममधील प्राथमिक आरोग्य केंद्रांत श्वसनमार्गाच्या साध्या आजारांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तसेच 2019 साली ब्रिटनमधील जुनाट श्वसनरोगाच्या रुग्णांवरील अभ्यासात, सीआरपी पाहून औषध ठरवल्याने प्रतिजैविकांचा वापर कमी झाला. दुसऱ्या अभ्यासात तो 77 टक्क्यांवरून 57 टक्क्यांवर आला आणि रुग्णांचे नुकसान झाले नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडावरून खोकला-तापाने येणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि त्याला पुन्हा तपासायला बोलावणे अवघड असते. अशा वेळी ‘असू दे एक कोर्स’ हा मोह कसा होतो ते मला समजते. सीआरपी वीस मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, श्वासाचा वेग ठीक, ऑक्सिजन ठीक, असे असेल तर तो मोह आवरता येतो. मात्र श्वास फुललेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला सीआरपीच्या निकालासाठी थांबवून ठेवू नये. त्याची जागा ॲम्ब्युलन्समध्ये आहे, आणि शक्य असेल तर कल्चरसाठी रक्त व पहिला डोस तेथूनच झालेला बरा.

माझी खरी धास्ती विडाल तपासणीच्या इतिहासामुळे आहे. 1896 सालची ही टायफॉईडची रक्ततपासणी आपल्या भागात आजही रोज होते. एकदाच केलेल्या आणि सीमेवर असलेल्या आकड्यावरून ‘टायफॉईड निघाला’ असे सांगून औषधे सुरू होतात, आणि ज्या गावांत बहुतेकांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा असतात तेथे त्या आकड्याला किंमत किती, हे कोणी विचारत नाही. तपासणी वाईट होती म्हणून असे झाले नाही. ती कधी करायची, किती वेळा करायची, कशासोबत वाचायची, याचे भान सुटले म्हणून झाले. प्रोकॅल्सिटोनिन त्याच वाटेला लागलेले मला दिसते, फरक एवढाच की ही वाट अधिक महाग आहे. प्रेसेप्सिन हे रक्तातले आणखी एक प्रथिन, पांढऱ्या पेशींतील मोनोसाइटच्या आकारमानावर आधारलेला निर्देशांक, तीन प्रथिने एकत्र मोजून जिवाणू की विषाणू हे सांगणारी यंत्रे, अशा नव्या तपासण्यांचे विक्रेतेही आपल्याकडे येत राहतील. त्यांतल्या काही उपयोगी ठरतीलही, पण आहे ती तपासणी नीट वापरण्याची शिस्त लागेपर्यंत मी तरी त्यांची घाई करणार नाही.

आपणाकडून माझ्या अपेक्षा मोजक्या आहेत. कल्चरचे रक्त घेतल्याशिवाय प्रोकॅल्सिटोनिनची चिठ्ठी पाठवू नये. मूत्रपिंड, शस्त्रक्रिया, भाजणे यांची नोंद चिठ्ठीवर असावी. पहिला आकडा घेतलाच तर दुसरा तिसऱ्या दिवशी घ्यावा आणि त्या दिवशीच्या राउंडला ‘प्रतिजैविक चालू का?’ हा प्रश्न केस पेपरवर लिहून त्याचे उत्तर द्यावे. दुसरा आकडा घ्यायचाच नसेल तर पहिलाही घेऊ नये. नातेवाइकांचे पैसे वाचतील. आयसीयू असलेल्या प्रत्येक रुग्णालयात लॅक्टेट मोजण्याची सोय असावी, कारण पहिल्या तासात तिचा उपयोग प्रोकॅल्सिटोनिनहून निश्चितच अधिक आहे.

माझ्या बाजूने पुढील महिन्यापासून माझ्या प्रयोगशाळेत कार्डावरचे प्रोकॅल्सिटोनिन बंद होईल, प्रत्येक निकालावर यंत्राचे नाव आणि एकक छापले जाईल, आणि त्याच रुग्णाचा दुसरा नमुना आल्यास त्याची किंमत पहिल्याच्या निम्मी राहील. निकालावर आधीचा आकडा आणि उतरण्याचे टक्के शेजारी छापलेले असतील. रात्रीच्या कल्चर बाटल्या उचलण्यासाठी माणूस ठेवण्याची माझी तयारी आहे, परंतु एका प्रयोगशाळेला तो परवडणार नाही. मिरज आणि सांगलीतील चार-पाच प्रयोगशाळा व रुग्णालये यांनी मिळून ही सोय केली तर जत-आटपाडीपर्यंतचा मार्गही तीत घेता येईल. त्यासाठी पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा एकत्र बसावे. जागा आणि दिवस आपण सुचवावा.

आपला सहव्यवसायी,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, मिरज